सिटीच्या रेडिएटरात काय भरायचं: ड्रॅगच्या गाडीच्या कूलंट-नोंदी

११ जानेवारी, वागळे इस्टेट

गाडीत आज काय आहे ते आधी लिहून ठेवतो. होंडा सिटी, १.५ व्हीटेक, जुन्या बांध्याची. धाकट्या भावाने तिला टर्बो बसवून घेतलाय. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, आत लोखंडी लायनर. रेडिएटर बाहेरून घेतलेला, तोही ॲल्युमिनियमचा. हीटर धरून सगळं मिळून पाच लिटरच्या आसपास मावतं.

इंजिन थंड असताना झाकण काढलं आणि रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकला, कूलंट किती अंशांना गोठेल ते तो दाखवतो. उणे १८. म्हणजे ग्लायकॉल, कूलंटमधलं पाण्याला गोठू न देणारं द्रव्य, जेमतेम एक तृतीयांश उरलंय. निम्मं-निम्मं असतं तर उणे ३७ च्या जवळ दिसलं असतं. हिरवं म्हणून भरलेलं आता तपकिरी झालंय. पीएचची पट्टी सातच्या खाली. नळाचं पाणी वरचेवर ओतलं गेलंय आणि गंज थोपवणारी रसायनं संपलीत. हे काढायचंच, त्यात वाद नाही. पुढे काय भरायचं यावर मात्र तिघांची तीन मतं आहेत.

धाकट्याला वॉटरलेस, म्हणजे पाणी नसलेलं, कूलंट हवंय, कारण ते १८० अंशांच्या वर उकळतं. गॅरेजवाले मामा म्हणतात, "साधं पाणी घाला आणि त्यात थोडं कटिंग ऑइल. आम्ही वर्षानुवर्षं तेच केलं." मी रबाळ्याला बॉयलरच्या पाण्याचं काम बघतो, त्यामुळे माझा कल डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) आणि मोजून घातलेल्या इन्हिबिटरकडे (गंज थोपवणारं रसायन). मार्चमध्ये लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यतीत, म्हणजे सरळ रेषेत, ४०२ मीटर पळवायची आहे. तोवर मोजून ठरवू.

१७ जानेवारी

आज गणित. क्रँकला दोनशे हॉर्सपॉवर धरू, म्हणजे १५० किलोवॉट. पेट्रोलच्या उष्णतेतला मोठा वाटा एक्झॉस्टमधून निघून जातो. कूलंटच्या वाट्याला ढोबळमानाने १०० किलोवॉट आले आणि पूर्ण थ्रॉटल १४ सेकंद राहिला, तर एका रनची उष्णता १,४०० किलोज्यूल होते.

पाच लिटर पाणी एका अंशाने तापवायला २१ किलोज्यूल लागतात. सगळी उष्णता नुसत्या पाण्याने घेतली असती तर ते ६७ अंशांनी वर गेलं असतं. पण ब्लॉक आणि हेडचा शंभरेक किलो धातूही सोबत तापतो, तो अंशामागे आणखी ६५ किलोज्यूल घेतो. दोन्ही मिळून वाढ येते १६ अंशांच्या जवळ, रेडिएटरने काही काढून टाकलं नाही असं धरून. ७५ वर सुटलेली गाडी शेवटच्या रेषेवर नव्वदीत पोचते.

हे धाकट्याला कागदावर दाखवलं. १८० अंशांचा उकळबिंदू त्याला लागणारच नाही. वॉटरलेसमध्ये मुख्यतः ग्लायकॉलच असतं, आणि ते पाण्यापेक्षा कमी उष्णता साठवतं. साध्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाचीही तीच गत आहे: ८० अंशांना ते लिटरमागे पाण्यापेक्षा दहा-बारा टक्के कमी उष्णता धरतं, उष्णता वाहून नेण्याचा त्याचा गुण तिसऱ्या हिश्शाने कमी, आणि दाटपणा पाण्याच्या दुपटीहून जास्त. हायवेवर तासन्‌तास चालणाऱ्या गाडीला हे सगळं झेपतं, कारण तिला वेळ मिळतो. आपल्याला चौदा सेकंद मिळतात आणि मग पुढच्या राउंडआधी थंड व्हायला काही मिनिटं.

शिवाय वॉटरलेस भरायचं तर आतलं पाणी तीन टक्क्यांच्या खाली आणावं लागतं. हीटर आणि ब्लॉकच्या खोबणींत अडकलेलं पाणी तेवढं काढायचं म्हणजे कठीण काम आहे, आणि माल महाग. धाकट्याने स्वतःच ते यादीतून काढलं.

मग त्याने विचारलं, "दादा, टॉप फ्युएलच्या गाड्यांना तर रेडिएटरच नसतो. मग आपण एवढं का बघतोय?" प्रश्न चांगला आहे. ड्रॅगमधल्या त्या सगळ्यात वेगवान गाड्यांच्या इंजिनांचा ब्लॉक भरीव ॲल्युमिनियममधून कोरलेला असतो, त्यात पाण्याला वाटच ठेवलेली नसते. त्यांचं नायट्रोमिथेन हे इंधन इतक्या प्रचंड प्रमाणात आत जातं की इंधनच सिलिंडर थंड ठेवतं. २००८ पासून ते पळतात १,००० फूट, आणि प्रत्येक रननंतर इंजिन खोलतात. आपली गाडी त्याच दिवशी चार वेळा रांगेत उभी राहणार आणि संध्याकाळी तेच इंजिन घेऊन परत यायचंय.

१८ जानेवारी

कालच्या गणितात एक गोष्ट सुटून जाते, ती इथे नोंदवतो. गेजवर दिसतं ते पाण्याचं सरासरी तापमान. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटमागचा धातू त्याहून पुष्कळ गरम असतो, आणि तिथे पाणी धातूला लागून उकळतच असतं. बारीक बुडबुडे सुटून पुढच्या पाण्यात विरले तर ते उत्तमच, वाफ होताना भरपूर उष्णता निघून जाते. पण बुडबुडे चिकटून राहिले आणि त्यांचा सलग पापुद्रा झाला की धातू आणि पाण्यात वाफ आडवी येते. तो ठिपका भलताच तापतो, आणि टर्बोच्या गाडीत डिटोनेशन, म्हणजे इंधनाचा अवेळी भडका, बऱ्याचदा त्यामुळेच होतं. पिस्टनची रिंग-लँड (रिंगच्या खाचेची कडा) फुटल्यावर लोक पेट्रोलला नावं ठेवतात.

यावर उपाय दोन. दाब टिकवणारं झाकण, आणि पाण्याचा पृष्ठताण कमी करणारा वेटिंग एजंट. दोन्ही करायचे.

२५ जानेवारी

आजचा प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

गॅरेजच्या मागच्या कोब्यावर, उन्हात, जुन्या टायरच्या ट्रेडचा एक तुकडा ठेवला. त्यावर दहा किलोचं वजन बांधलं आणि ताणकाट्याने ओढला. कोरड्या कोब्यावर सात किलोच्या आसपास ओढ लागली. पाणी ओतल्यावर साडेपाच. निम्मं-निम्मं कूलंट ओतल्यावर चारच्याही खाली, आणि तुकडा सुटला तो झटक्यानेच.

एवढं अपेक्षित होतं. खरी गोष्ट अर्ध्या तासाने कळली. पाण्याची जागा पांढरी, सुकी पडली होती आणि ओढ परत सात. कूलंटची जागा तशीच चमकत होती, त्यातलं पाणी उडून गेल्यावर ग्लायकॉल उलट घट्ट होऊन बसलं होतं. ओढ चार. फडक्याने पुसून घेतलं तरी साडेचार. साबणाच्या पाण्याने घासून, धुऊन, सुकवल्यावर कुठे साडेसहाला आली. इथिलीन ग्लायकॉल १९७ अंशांना उकळतं, ते उन्हाने उडत नाही.

मामा बाजूला उभे राहून बघत होते. त्यांना म्हटलं, "मामा, आता तुमचं पाणी बघू." समोरच्या लेथवाल्याकडून कटिंग ऑइलचं पांढरं पाणी आणलं. ओढ चारच्या वर गेली नाही, आणि सुकल्यावर तेलाचा थर राहिला. मामांनी स्वतः बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "नाही, हे ट्रॅकवर नको." त्यांची पद्धत खोटी नव्हती. लोखंडी ब्लॉक आणि पितळी रेडिएटरच्या जमान्यात त्या तेलाने गंज थांबायचा आणि पंपाच्या सीललाही वंगण मिळायचं. पण तेल रबरी होज फुगवतं, आणि धातूवर थर धरून उष्णतेला अडवतं.

ड्रॅगच्या लेनमध्ये आपल्यामागून येणारा माणूस पहिल्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल देतो. त्याच्या एका चाकाखाली आपल्या फुटलेल्या होजमधलं कूलंट आलं तर तो भिंतीकडे जाईल, आपण नाही. कूलंट निवडताना हा माणूस पहिला डोळ्यांसमोर यायला हवा, मग आपलं इंजिन. धाकट्यालाही आज हे पटलं, आणि मला त्याचं बरं वाटलं.

कोबा दोनदा धुतला. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि गल्लीतली मांजरं इथे फिरतात. मांजराला चमचाभरसुद्धा जीवघेणा ठरतो.

१ फेब्रुवारी

नियम काय सांगतात ते वाचून काढलं. बऱ्याच ड्रॅग स्ट्रिपवर ग्लायकॉलला बंदी आहे. एफआयएम या जागतिक मोटरसायकल संघटनेच्या रोड रेसिंगमध्ये पाणी किंवा पाण्यात इथाइल अल्कोहोल, एवढंच चालतं. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला एसएई या गाड्यांच्या स्पर्धेत त्याहून कडक: फक्त साधं पाणी, वेटिंग एजंटसुद्धा नाही. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग-शर्यतींच्या संघटनेच्या नियमांत ओव्हरफ्लोसाठी किमान १६ औंसांचा, म्हणजे अर्ध्या लिटरच्या जवळपासचा, कॅच-कॅन (उतू गेलेलं पाणी धरणारा डबा) लागतो. सगळ्यांचा रोख एकच आहे, जमिनीवर काही सांडू नये आणि सांडलंच तर ते सुकून जाणारं असावं.

आपला कॅच-कॅन एक लिटरचा करतोय. आयोजकांना फोन करून वेटिंग एजंट चालेल का ते विचारलं. चालेल म्हणाले, ग्लायकॉल नको.

८ फेब्रुवारी

पाण्याचा दिवस. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणि पट्ट्या घेऊन बसलो.

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीचा नळ, भातसेचं पाणी: ९० च्या आसपास. वाईट नाही, पण क्लोरीन आणि क्लोराइड आहे, आणि ॲल्युमिनियमला क्लोराइडने बारीक खड्डे पडतात. सोसायटीची बोअरवेल: ६५० च्या वर. हे पाणी घालणं म्हणजे रेडिएटरमध्ये हाताने क्षार भरणं आहे. एसीचं पाणी: मीटरवर झकास, १५. पण ते कॉइलवरून तांबं आणि धूळ घेऊन उतरतं, आणि ॲल्युमिनियमच्या सिस्टिममध्ये विरघळलेलं तांबं म्हणजे जागोजागी छोटी बॅटरी बसवल्यासारखं. बरेच गॅरेजवाले हेच वापरतात, त्यांनी थांबावं असं मनापासून वाटतं. बाटलीबंद पिण्याच्या पाण्यात चवीसाठी खनिजं घातलेली असू शकतात, ते सोडून दिलं. बॅटरीचं पाणी, पाच लिटरचा सीलबंद कॅन: ३. हेच घ्यायचं.

पण नुसतं डीएम वॉटर भरून भागत नाही. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएच साडेपाचच्या जवळ येतो. वर विरघळलेला ऑक्सिजन. बॉयलरमध्ये आम्ही ऑक्सिजन काढायला किती मेहनत घेतो ते मला माहीत आहे. म्हणून इन्हिबिटर हवाच. रेड लाइनचं वॉटरवेटर मिळालं, त्यात वेटिंग एजंट आणि गंजरोधक दोन्ही आहेत. ३५५ मिलीची बाटली ११ ते १९ लिटरसाठी असते, त्यामुळे आपल्याला तिचा काही भागच लागेल. अख्खी बाटली ओतल्याने जास्त फायदा होत नाही, फेस होतो.

१५ फेब्रुवारी

जुनं काढलं. रेडिएटरचा खालचा नळ आणि ब्लॉकच्या मागचा ड्रेन बोल्ट, दोन्ही उघडले. नुसता रेडिएटर रिकामा केला तर ब्लॉकमध्ये बरंच राहतं. मग हीटर पूर्ण गरमवर ठेवून नळाच्या पाण्याने धुणं, इंजिन थर्मोस्टॅट (तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत चालवणं, थंड होऊ देणं, परत काढणं.

कधी थांबायचं यासाठी डोळ्यांवर भरवसा ठेवला नाही. बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस आत घातलेल्या पाण्याएवढा येईपर्यंत धुतलं, आणि रिफ्रॅक्टोमीटर शून्यावर. शेवटची धुलाई डीएम वॉटरने. हे तपासणं सोपं आहे आणि मीटर काहीशे रुपयांना मिळतो. ग्लायकॉल राहिलंय की नाही हे शर्यतीआधीच्या तपासणीत, स्क्रुटिनीच्या टेबलावर, कळण्यापेक्षा गॅरेजमध्ये कळलेलं बरं.

काढलेलं कूलंट गटारात नाही. झाकणबंद कॅन, वर मार्करने नाव, आणि जळक्या ऑइलच्या ड्रममध्ये मिसळायचं नाही.

२२ फेब्रुवारी

झाकण. गाडीवरचं जुनं झाकण हातपंपाच्या टेस्टरवर लावलं, ०.६ किलोला (चौरस सेंटीमीटरमागे) सुटलं. त्यावर १.१ लिहिलंय. रबर कडक झालंय. नवीन घेतलं, टेस्टरवर १.१ ला उघडलं.

पाणी भरल्यावर झाकणाची किंमत वाढते, कारण ग्लायकॉलने उकळबिंदूत मिळणारे काही अंश आता नाहीत. समुद्रसपाटीला १.१ किलोच्या दाबाखाली पाणी १२१ अंशांच्या पुढे उकळतं. लोणावळ्याच्या बाजूला, सहाशे-सातशे मीटर उंचीवर, उघडं पाणी ९८ लाच उकळतं, पण झाकण नीट असेल तर दाबाखाली फरक पडतो जेमतेम एक-दीड अंशाचा. खराब झाकणाने त्याहून कितीतरी जास्त जातं.

थर्मोस्टॅट काढायचा का, यावर मामा आणि मी बराच वेळ बोललो. "काढून टाक ना, पाणी मोकळं फिरेल." मला तो ठेवायचाय. या इंजिनाचा थर्मोस्टॅट ७८ च्या सुमाराला उघडायला लागतो. तो नसेल तर सकाळी इंजिन लवकर तापत नाही, ऑइल थंड राहतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, मिश्रणात पेट्रोल जास्त ठेवतो. शेवटी ठेवला, फक्त त्याच्या पट्टीला ३ मिमीचं भोक पाडलं, हवा निघावी म्हणून.

भरताना गाडीचं तोंड रॅम्पवर वर केलं. थर्मोस्टॅट हाउसिंगजवळचा ब्लीड बोल्ट सैल ठेवून, बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत हळूहळू ओतलं. हेडमध्ये अडकलेली हवा म्हणजे १८ तारखेला लिहिलेला तोच वाफेचा पापुद्रा, पहिल्या दिवसापासून.

१ मार्च

डायनो, म्हणजे गाडी जागच्या जागी रोलरवर पळवून मोजायचं यंत्र. धाकट्याच्या मित्रांचा आग्रह होता की रात्री पाम बीच रोडवर एक खेच मारून बघू. नाही म्हणजे नाही. तिथे लोक चालतात, आणि ज्या गाडीसाठी आपण दुसऱ्याच्या टायरखालचा विचार केला ती सार्वजनिक रस्त्यावर पळवायची नाही.

मामांच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाची तशीच टर्बो सिटी आली होती, तिच्यात निम्मं-निम्मं कूलंट. दोन गाड्या हुबेहूब सारख्या नाहीत, त्यामुळे ही तुलना ढोबळच. पण पंखा, झाकण आणि सकाळची हवा सारखी. दोघींना ७५ वर आणून खेचलं. त्यांची ९८ ला गेली, आपली ९३ ला. परत ७५ वर यायला त्यांना अकरा मिनिटं लागली, आपल्याला आठ. माझ्या मते हा दुसरा आकडा जास्त कामाचा. राउंड्समधला वेळ आपल्या हातात नसतो.

आणखी एक दिसलं. खेचून लगेच इंजिन बंद केलं की गेज आठ-नऊ अंश वर चढतं. पंप थांबलेला, टर्बोचं घर आणि हेड तापलेले, त्यांची सगळी उष्णता उभ्या पाण्यात उतरते. म्हणून परतीच्या वाटेवर मिनिटभर आरामात चालू ठेवायची, मग बंद करून पंखा बॅटरीवर. पंखा नुसता रेडिएटर थंड करतो, ब्लॉकमधलं पाणी हलत नाही. त्यासाठी इलेक्ट्रिक वॉटर पंपच हवा. या हंगामात पैसे नाहीत.

१४ मार्च, धावपट्टीवर

गाडी फ्लॅटबेडवरून आणली, बोरघाटात तिला तापवायचं कारण नव्हतं.

स्क्रुटिनीत कॅच-कॅन हलवून पाहिला, होज दाबून पाहिले. अधिकाऱ्याने झाकणाखालचं पाणी दोन बोटांत चोळलं आणि मान हलवली.

पाण्याने आपलं काम केलं. सगळ्यात जास्त दिसलं ९५, दुपारच्या रनला. रांगेत इंजिन बंद ठेवून हाताने ढकलत नेलं, सगळे जाणते तसंच करतात. पिटमध्ये बॉनेट उघडं, पंखा चालू, रेडिएटरच्या जाळीवर स्प्रे बाटलीने पाणी. निघण्याआधी खालून पुसून घेतलं, लेनमध्ये थेंब नको. सुटताना गेज ७२ ते ७६ च्या मध्येच राहिलं, आणि पहिल्या रनची वेळ व शेवटच्या रनची वेळ यांत नाव घेण्याजोगा फरक पडला नाही. धाकटा खूश. मला त्याच्या वेळेपेक्षा वेळेतलं सातत्य आवडलं.

२२ मार्च

गाडी आता रोजच्या वापरात जाणार, मग पाणी ठेवायचं नाही. पाण्याने थंड उत्तम राहतं, पण महिनोन्‌महिने तेच ठेवलं तर इन्हिबिटर असूनही ते धातूला तेवढं सांभाळत नाही. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये एसी चालू ठेवून अडकलेल्या गाडीला ग्लायकॉलचे जास्तीचे अंश खरोखर लागतात.

काढलेलं पाणी काचेच्या बरणीत उन्हाकडे धरलं. किंचित पिवळट, तळाला काही नाही. टीडीएस भरतानाच्या मानाने थोडा वाढलेला, पीएच ८ च्या जवळ. लायनरने थोडं लोखंड सोडलंय, ॲल्युमिनियमला त्रास नाही. भरतानाचा आणि काढतानाचा, दोन्ही आकडे लिहून ठेवले, पुढच्या हंगामात याच्याशी ताडून बघता येईल.

आता भरलं होंडाचं टाइप २, निळं, तयार मिश्रण, सिलिकेट आणि बोरेट नसलेलं. मामांना रंग बघून वाटलं की हे वेगळं काही असणार. रंगावर जाऊ नये, प्रत्येक कंपनी आपल्या मनाने रंग घालते. डब्यावर रसायन काय लिहिलंय ते वाचायचं, आणि वेगळ्या जातीचं वरून ओतायचं नाही.

धुण्याची सगळी कृती मामांनी वहीत उतरवून घेतली. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे एक स्विफ्ट येणार आहे, तीही ड्रॅगला न्यायचीय, आणि तिच्या रेडिएटरात काय आहे हे मालकाला माहीत नाही. रिफ्रॅक्टोमीटर त्यांच्याकडेच ठेवून आलो. आपल्या गाडीत हीटरच्या मागच्या होजची क्लॅम्प बदलायची राहिलीय, ती पावसाआधी.